हाताजोगा कळफलक

संगणकाचा कळफलक ज्या हातांना गृहीत धरून घडवला गेला, ते हात स्थिर, समर्थ आणि एकाच वेळी दोन-तीन कळा दाबू शकणारे होते; कंपवात, पक्षाघात, संधिवात किंवा अपघात यांमुळे ज्यांचे हात तसे उरले नाहीत, त्यांच्यासाठी यंत्रातच करून ठेवलेल्या तजविजी मात्र गैरसमजांपायी बहुधा वापराविना पडून राहतात.

गैरसमज : अशा व्यक्तीला खास, महागडा कळफलक घेण्यावाचून गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : विशेष उपकरणांची निकड काहींना असते, हे मान्य, परंतु विंडोजमध्ये या सोयी ‘विंडोज ९५’पासून अंगभूत असून, आजच्या विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात ‘कीबोर्ड’ या सदराखाली त्या बिनखर्च उपलब्ध आहेत. मॅकवरही तशीच व्यवस्था आहे.

गैरसमज : एका हाताने मराठी टंकलेखन अशक्य.

वस्तुस्थिती : इन्स्क्रिप्ट मांडणीत ख, घ, थ, भ, ळ अशा कित्येक अक्षरांसाठी शिफ्ट दाबून धरावी लागते, आणि एकहाती लेखकाची खरी अडचण तीच. ‘स्टिकी कीज’ सुरू केल्यास शिफ्ट दाबून सोडावी व मग अक्षराची कळ दाबावी, एवढ्याने काम भागते. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबली तर ती तिसऱ्यांदा दाबेपर्यंत कायम राहते, त्यामुळे ‘खळखळ’ हा शब्द, ज्याचे एकही अक्षर शिफ्टवाचून उमटत नाही, एका बोटानेही सलग लिहिता येतो. शिफ्ट ५ वेळा दाबताच ही सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते.

गैरसमज : कळा दाबूनही अक्षरे उमटेनाशी झाली, म्हणजे कळफलक निकामी झाला.

वस्तुस्थिती : उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबलेली राहिली आणि पडद्यावरील विचारणेला नकळत होकार दिला गेला, तर ‘फिल्टर कीज’ सुरू होते व क्षणिक स्पर्श यंत्र जमेस धरीत नाही; पुन्हा तितकाच वेळ तीच कळ दाबून ठेवल्यास ती बंद होते. धडधाकट हाताला जाच वाटणारी हीच योजना कापऱ्या हाताला मात्र उपकारक ठरते, कारण ओझरता धक्का किंवा एकाच कळेवर अनवधानाने झालेला दुहेरी आघात ती गाळून टाकते. कळ किती वेळ दाबल्यावर जमेस धरावी, ही विलंबाची मुदत मात्र ज्याच्या त्याच्या हाताने, चार ओळी लिहून पाहून ठरवावी. गरजेपेक्षा ती अधिक ठेवल्यास प्रत्येक अक्षरापाशी ताटकळावे लागते व हात व्यर्थ शिणतो.

गैरसमज : कचेरीत अशी सोय मागणे म्हणजे मेहेरबानीची याचना, आणि सामायिक संगणकावर ती इतरांना अडचणीची.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० अन्वये दिव्यांग कर्मचाऱ्यास योग्य त्या सोयी पुरवणे शासकीय आस्थापनांवर बंधनकारक आहे. शिवाय विंडोजमध्ये हे फेरफार ज्याच्या त्याच्या खात्यापुरते राहतात; तेव्हा प्रत्येकाने स्वतःच्या खात्याने प्रवेश करण्याची शिस्त पाळली, तर एकाच यंत्रावर दोन भिन्न प्रकृतींचे हात विनातक्रार काम करू शकतात.