रविवारचा हिशेब

बँकेत असताना एका सहामाहीला आमचे लेजर जुळेना. फरक चौपन्न रुपयांचा. नऊने भाग जातो, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली, एवढे सर्वांना कळत होते, पण कुठे? संशय एका नव्या कारकुनावर गेला. माझाही.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ या संख्येची गोष्ट वाचली की मला ते दिवस आठवतात. ही संख्या म्हणजे दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवले. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जाणार नाही. १८७६ मध्ये ल्यूकासने ती मूळ नाही हे सिद्ध केले. पण भाजक त्यालाही सापडले नाहीत. चूक आहे हे पक्के, कुठे ते ठाऊक नाही!

१९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. एकीकडे त्याने घात काढला, दुसरीकडे १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली. एक शब्दही न बोलता तो जागेवर जाऊन बसला, असे सांगतात. किती वेळ लागला, असे विचारल्यावर म्हणाला म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

आम्हीही एका रविवारी शाखा उघडून बसलो. दुपारी ८२ च्या जागी २८ सापडले. अक्षर माझे होते. त्या कारकुनाने पान माझ्यापुढे सरकवले. तोही काही बोलला नाही.

माफी मागायला मला मात्र सोमवार उजाडला.