हनोईच्या रस्त्यावर दुचाकी

हनोई ही व्हिएतनामची राजधानी तांबड्या नदीच्या काठी वसलेली आहे. आपल्याकडील तांबट आळी, कासार आळी यांप्रमाणे तेथील जुन्या पेठेतील गल्ल्यांनाही चांदी, साखर, कथील अशा मालावरून नावे पडली आहेत. या अरुंद गल्ल्यांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत मोटारसायकलींचा ओघ अखंड वाहत असतो. कोणी कार्यालयात निघालेला असतो, तर कोणी भाजीच्या पाट्या लादून बाजार गाठत असतो.

अशा नगरात परदेशी माणसाने दुचाकी शिकायची, तर आरंभ मोकळ्या मैदानातच करावा. तेथे प्रचारात असलेल्या पुष्कळ गाड्यांना हाताचा क्लच नसतो. उजव्या मुठीने वेग वाढवावयाचा आणि डाव्या पायाने गिअर बदलावयाचा. खरी कसोटी असते ती तोल सांभाळण्याची. गाडी ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस पुढचे चाक किंचित वळवावे, म्हणजे चाके पुन्हा भाराखाली येतात. गाडी वेगात असता हे सहज साधते. संथ चालीत मात्र ते कठीण जाते. म्हणूनच परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या वाटेवरून, जमिनीला पाय न टेकता, गाडी हळू चालवून दाखवावी लागते.

गाडी थांबविण्याचेही शास्त्र आहे. ब्रेक लावताच भार पुढील चाकावर जातो आणि मागील चाकाची पकड सैल होते. एकटा मागचा ब्रेक दाबला, तर गाडी लवकर थांबत नाही. पुढचा एकदम आवळला, तर चाक घसरते. यासाठी दोन्ही ब्रेक एकाच वेळी, बेताबेताने लावावे लागतात. पावसाने रस्ता ओला झाला असता तर अधिकच जपावे लागते.

भारतीय माणसास आणखी एक सवय मोडावी लागते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, तर व्हिएतनाममध्ये वाहने उजव्या बाजूने जातात. त्यामुळे वळणापाशी मन जुन्या वाटेकडे ओढ घेते आणि क्षणभराची चूक जिवावर बेतू शकते.

मग इतक्या गर्दीत लोक वाट कशी काढतात? त्याचे मर्म संथ आणि सरळ चालीत आहे. पुढचा माणूस कोठे जाणार, हे ओळखूनच मागचा आपली गाडी वळवितो. पायी रस्ता ओलांडणाराही एका गतीने चालत राहतो आणि गाड्या त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जातात. जो अकस्मात थबकतो किंवा आडवा घुसतो, तो स्वतःबरोबर दुसऱ्यासही संकटात लोटतो.

व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर मोटारसायकलस्वारास शिरस्त्राण सक्तीचे झाले. शिरस्त्राण अपघात टाळू शकत नाही. परंतु पडणाऱ्याच्या मस्तकावरील आघात ते बराच सौम्य करते. अपघात टाळण्याचे काम चालकाच्या सावध दृष्टीचे आणि संयमाचे आहे. रस्ता सर्वांचा आहे, हे ज्याला उमगले, त्याचेच दुचाकीचे शिक्षण पुरे झाले.