छर्ऱ्याचा वेग मोजताना उजेडाकडे लक्ष हवे

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक पटकावले. त्याच्या आदल्याच वर्षी साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिन येथे कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती ठरली होती. अशा यशामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. मात्र या दोन्ही खेळांत गोळी वा बाण किती वेगाने सुटतो, हा साधा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. हा वेग मोजणाऱ्या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. त्याचा सर्वांत प्रचलित प्रकार चक्क आभाळाच्या उजेडावर चालतो, आणि उजेड बदलला की त्याचा आकडाही फसवा ठरू शकतो.

वेगातील फरक का महत्त्वाचा?

पॉइंट टू टू रायफलची गोळी साधारण सेकंदाला ३३० मीटर वेगाने सुटते. एखादी गोळी ३२० मीटरनेच सुटली, तर हवेचा विरोध हिशेबात न धरताही ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. या अंतरावरील लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. त्यामुळे कोणत्या खेपेची काडतुसे एकसारख्या वेगाने सुटतात, हे तपासून घ्यावे लागते.

हौशी नेमबाजांसाठी या आकड्याला कायदेशीर बाजूही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार एअरगनची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल, तर परवाना आवश्यक ठरतो. ही ऊर्जा छर्ऱ्याचे वजन आणि वेगाचा वर्ग यांवरून काढली जाते. स्पर्धेतील १० मीटर एअर रायफलचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा ८ ज्यूलच्या घरात असल्याने तेथे प्रश्न येत नाही. जोरकस एअरगन मात्र मर्यादेच्या अगदी जवळ असू शकतात.

यंत्र पाहते ती सावली

गोळीचा वेग मोजण्याची खटपट जुनी आहे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये लोलकाची पद्धत मांडली होती. गोळी आदळल्यावर टांगलेला लाकडी ठोकळा किती मागे जातो, यावरून ते वेग काढत. आजच्या क्रोनोग्राफमध्ये ठरावीक अंतरावर, बहुधा एक फुटावर म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरवर, दोन प्रकाश-संवेदक असतात. ते वर आभाळाकडे पाहत असतात. छर्रा वरून जाताना क्षणभर उजेड अडतो. पहिल्या संवेदकावर सावली पडली की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्यावर पडली की थांबते. अंतर भागिले वेळ, की वेग मिळाला.

अडचण अशी की, दोन्ही संवेदकांवरचा उजेड सारखा नसेल, तर एक संवेदक छर्ऱ्याचे पुढचे टोक ओळखतो आणि दुसरा मागचे. समजा, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटर वेगाने सुटला. दोन संवेदकांमधले अंतर तो १,०९१ मायक्रोसेकंदांत कापेल आणि त्याची ऊर्जा २० ज्यूलहून किंचित अधिक भरेल. दुसरा संवेदक केवळ २० मायक्रोसेकंद उशिरा जागा झाला, तर यंत्र वेग २७० दाखवेल आणि ऊर्जा १९.३ ज्यूल निघेल. एवढ्या काळात छर्रा जेमतेम साडेपाच मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीइतका, पुढे गेलेला असतो. बंदूक तीच, छर्रा तोच. पण परवाना लागणारी बंदूक कागदावर बिनपरवान्याची ठरली.

घाटमाथा ते माणदेश

सातारा आणि सांगली हे शेजारचे जिल्हे, पण त्यांचे आभाळ एकसारखे नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर आटपाडी, जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास असतो. सर्वत्र सारखे पसरलेले पांढुरके ढग क्रोनोग्राफला सर्वांत मानवतात. अशा आभाळावर छर्ऱ्याची सावली स्पष्ट उठते. मात्र घाटमाथ्यावर ढग गडद झाले किंवा धुके उतरले, की उजेडच अपुरा पडतो आणि यंत्र चूक दाखवते किंवा नोंदच घेत नाही.

पूर्वेकडील निरभ्र, लख्ख उन्हात उलट अडचण येते. निळ्या आभाळावर सावली फिकी पडते. त्यातच चकाकत्या शिशावर ऊन पडून किंवा फरशीवरून परावर्तित उजेड येऊन छर्ऱ्याची खालची बाजू उजळते. यासाठी संवेदकांच्या वर डिफ्यूझर, म्हणजे पांढरी पारभासी पट्टी बसवतात. तिच्यामुळे उजेड सारखा पसरतो. सकाळी-संध्याकाळी सूर्य कलला, की तिरपे किरण पट्टीखालून थेट संवेदकावर येतात. अशा वेळी यंत्र पूर्ण सावलीत घेणे किंवा दुपारची वेळ निवडणे श्रेयस्कर. झाडाची सावली एकाच संवेदकावर पडणे हे सर्वांत वाईट.

बंदिस्त जागेतही सुटका नाही. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने साधी चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, संवेदकाला कळते. त्यापेक्षा तारेचा जुना बल्ब किंवा बॅटरीवरचा एलईडी दिवा बरा. स्वतःचा अवरक्त प्रकाश असलेली यंत्रे, तसेच रडारवर चालणारी यंत्रे आभाळाच्या उजेडावर अवलंबून नसतात.

आकडा पडताळण्याचा उपाय सोपा आहे. एकाच डब्यातील दहा छर्रे एकाच उजेडात मोजावेत, मग यंत्र अर्धा वर्तुळाकार वळवून, म्हणजे दिशा बदलून, पुन्हा दहा मोजावेत. दोन्ही सरासऱ्या जुळल्या नाहीत, तर दोष बंदुकीला देण्यापूर्वी उजेड तपासावा. आकडा २० ज्यूलच्या काठावर असेल, तर एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये.