इंजिन गेलं, आवाज राहिला!

रात्री हॉस्टेलचे लाईट गेले की काय होतं? पंखा थांबतो. आणि मग डास, शेजारच्या कॉटवरचं घोरणं, बाथरूममधला गळका नळ, सगळं एकदम ऐकू यायला लागतं. नळ तर दिवसभर गळतच होता! पंख्याच्या घरघरीत तो ऐकू येत नव्हता, एवढंच. इलेक्ट्रिक गाडीत टायरचं नेमकं असंच होतं.

मला हे कळलं ते माझ्या मावसभावामुळे. तो अमेरिकेत, ॲरिझोनामधल्या फिनिक्स शहरात राहतो आणि इलेक्ट्रिक पिकअप चालवतो. (तिथे पिकअप म्हणजे भाजीचा टेम्पो नव्हे, मागे उघडा हौदा असलेली घरची मोठी गाडी!) टायर झिजले होते. दिवाळीत फोनवर म्हणाला, "अगं, हायवेवर असा घूंऽऽ आवाज येतो की मागे बाळ झोपत नाही. तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग, कुठले टायर घेऊ?" मीही ऐटीत म्हटलं, "सांगते की दादा!" आणि मग अभ्यासाला लागले.

पेट्रोल-डिझेल गाडीतसुद्धा साधारण 40-50 किमी वेगाच्या पुढे टायरचा आवाज इंजिनावर मात करायला लागतो. तरी इंजिनाची घरघर त्याला थोडंफार झाकते. इलेक्ट्रिक गाडीत हे पांघरूणच निघून जातं. त्यात बॅटरीमुळे या पिकअपचं रिकामं वजन तीन टनांच्या आसपास जातं, म्हणून टायरही दणकट लागतात.

आता हा आवाज येतो कुठून? मुख्य कारणं तीन.

पहिलं, ठोके. टायरवरच्या नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. दादाच्या टायरचा साईझ 275/65 आर 20, म्हणजे बाहेरचा घेर सुमारे 2.7 मीटर. ताशी 110 किमी वेगाला तो सेकंदाला 11 फेऱ्या मारतो. घेरावर समजा 60 एकसारखे ठोकळे असतील, तर सेकंदाला जवळजवळ 670 ठोके. म्हणजे चक्क शिट्टी! म्हणून डिझाईनर मुद्दाम लहान-मोठे ठोकळे मिसळून बसवतात. आवाज एका सुरात न राहता पसरतो आणि कानाला कमी टोचतो.

दुसरं, हवा. नक्षीच्या खाचांमधली हवा रस्त्यावर दाबली जाते आणि टायर उचलला की सुटते. त्यात टायर आणि रस्ता यांच्यामधली पाचरीसारखी जागा कर्ण्याचं काम करते आणि तो आवाज मोठा करून बाहेर टाकते.

तिसरं, पोकळी. टायरच्या आतली हवा म्हणजे गोल वळवलेली बासरीच. ध्वनीचा वेग भागिले आतला सरासरी घेर, इतकं सोपं गणित. दादाच्या टायरला हा घेर सुमारे 2.15 मीटर, म्हणून सूर लागतो 160 हर्ट्झच्या आसपास. बाळाला जागं ठेवणारा घूंऽऽ आवाज बहुधा हाच. यावर उपाय म्हणून काही टायरमध्ये आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते. पोकळीचा घुमणारा आवाज तिने कमी होतो. ठोक्यांचा होत नाही.

शिवाय रस्ता! आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे काँक्रीटचा आहे. बस तिथून डांबरी रस्त्यावर आली की आवाज एकदम बदलतो, हे बसमधून जाणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं असेल. फिनिक्समध्ये 2003 पासून काँक्रीटच्या फ्रीवेंवर जेमतेम एक इंचाचा, जुन्या टायरचा चुरा मिसळलेल्या डांबराचा थर द्यायचा मोठा प्रयोग झाला, तो आवाज कमी करण्यासाठीच. म्हणजे सगळा दोष टायरला देऊन चालत नाही.

आता निवड. दादाच्या गाडीला होते ऑल टेरेन टायर. मोठे ठोकळे, रुंद खाचा. दिसतात झकास, खडकाळ वाटेवर पकडही छान. पण हायवेवर आवाज जास्त आणि बॅटरी जास्त खातात. रिव्हियन आर-1-टी या पिकअपच्या 2023 च्या एका मॉडेलचे आकडे बघा. 21 इंची रस्त्याचे टायर असतील तर रेंज 328 मैल, 20 इंची ऑल टेरेन असतील तर 289. गाडी तीच, बॅटरी तीच, फरक सुमारे 12 टक्के!

मग मी काय केलं? इंटरनेटवर सगळ्यात शांत टायर शोधला. त्याच 20 इंची रिमला बसणारा, फोमवाला. खूश होऊन आमच्या ऑटोमोबाईलच्या सरांना दाखवला. सर एकच वाक्य बोलले, "अगं, लोड इंडेक्स बघितलास का?"

नव्हता बघितला. तो टायर लहान एसयूव्हीसाठी होता. लोड इंडेक्स 105, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 925 किलो. चार टायरचे 3700. आणि दादाची गाडी माणसं-सामान भरून पावणेचार टनांच्या वर जाते! शिवाय वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं. मूळ टायरचा इंडेक्स होता 116, म्हणजे 1250 किलो. ॲरिझोनाच्या उन्हात, ताशी 110 च्या वेगात, मागे बाळ झोपलेलं असताना तो शांत टायर फुटला असता तर? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. अर्धवट माहितीवर सल्ला देणं किती सोपं असतं!

म्हणून दादाला क्रम लावून दिला. आधी साईझ आणि लोड इंडेक्स, मूळपेक्षा कमी अजिबात नाही. मग ब्रेकिंग आणि ओल्या रस्त्यावरची पकड. मग आपण खरंच कुठे गाडी चालवतो ते. आवाज आणि रेंज त्यानंतर. दादा वर्षातून दोनदा डोंगरात जातो आणि रोज फ्रीवेवर असतो. उत्तर समोरच होतं: 116 इंडेक्सचे, बारीक नक्षीचे हायवे टायर.

दोन सूचनाही दिल्या. आवाज कमी व्हावा म्हणून हवा कमी ठेवायची नाही. आणि दर 10-12 हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करायची, कारण वाकडीतिकडी झीज झाली की शांत टायरही ओरडायला लागतो.

युरोपात टायरच्या लेबलवर आवाज डेसिबलमध्ये छापलेला असतो. पण तो गाडीबाहेर, साडेसात मीटरवर मोजलेला, आतला नव्हे. अमेरिकेच्या सरकारी ग्रेडिंगमध्ये आवाज नाहीच. आपल्याकडे 2022 मध्ये ए.आय.एस. 142 या नियमाने टायरच्या आवाजाला मर्यादा आली. तेव्हा घरी इलेक्ट्रिक गाडी आली आणि टायर बदलायची वेळ आली, तर दुकानदाराला आधी लोड इंडेक्स विचारा, मग आवाज.

परवा दादाचा फोन आला. "आवाज गेला नाही गं, पण कमी झालाय. बाळ ऑफिसच्या एक्झिटपर्यंत झोपतं."

मला तेवढं पुरे आहे.