एका घरात किती मुले? प्रतिपालकत्व : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रतिपालकत्व, म्हणजेच फॉस्टर केअर, ही आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या किंवा त्यांच्यापासून दूर राहणे भाग पडलेल्या मुलाला संस्थेऐवजी घरात वाढवण्याची कायदेशीर व्यवस्था आहे. तिचा आधार बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ४४ मध्ये आहे. इच्छुक कुटुंबाची पाहणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो आणि मुलाला त्या घरी ठेवण्याचा आदेश बाल कल्याण समिती देते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल घरी गेले तरी त्याच्यावरची समितीची देखरेख संपत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महागाव तालुक्यातील फुलसावंगी आणि भोवतालच्या गावा-तांड्यांत हा विषय पुस्तकी राहत नाही. कर्ता माणूस गेलेली घरे या तालुक्याला नवी नाहीत. शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत १९८६ पासून ज्याचे नाव घेतले जाते ते चिलगव्हाण याच तालुक्यातले. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील बाहेरगावी गेले की मुले आजी-आजोबांकडे राहतात. कोणी भाच्यांना सांभाळतो, कोणी शेजारचे पोरके मूल जेवायला घालता घालता घरातच ठेवून घेतो. अशा वेळी ‘एका घरात किती मुले ठेवता येतात?’ हा प्रश्न निघतो आणि त्याला पारावर जितकी तोंडे तितकी उत्तरे मिळतात. त्यांतील नेहमीचे गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती पुढे दिली आहे.

गैरसमज १ : घर मोठे आणि मन मोठे असेल, तर कितीही मुले ठेवता येतात.

वस्तुस्थिती : कलम ४४ मध्ये कुटुंबाची निवड करताना त्याची क्षमता, हेतू, कुवत आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे म्हटले आहे. म्हणजे इच्छा ही केवळ पहिली पायरी ठरते. पाहणीसाठी आलेला कर्मचारी घराची लांबी-रुंदी मोजून परत जात नाही. घरात आधीच किती मुले आहेत, रात्री कोण कोठे झोपते, वयात आलेल्या मुलीला आडोसा आहे का, पाणी आणि शौचालय कोठे आहे, शाळा किती लांब आहे, मूल आजारी पडले तर दिवसभर घरी कोण असते, हे सारे अहवालात येते. घरातील सर्वांचे वैद्यकीय अहवाल मागितले जातात. उत्पन्न मुलाच्या गरजा भागवण्याइतके आहे का, हेही पाहिले जाते.

समिती कुटुंबाला ‘मुले ठेवण्याचा परवाना’ देत नाही. ती विशिष्ट मुलाला विशिष्ट घरी ठेवण्याचा आदेश देते. एका मुलाचा आदेश हातात असताना त्याच कागदावर दुसरे मूल आणता येत नाही. दुसऱ्या मुलासाठी पुन्हा विचार होतो आणि पुन्हा आदेश निघतो.

गैरसमज २ : मर्यादा मोजताना स्वतःची मुले धरायची नसतात.

वस्तुस्थिती : गट प्रतिपालकत्वात, म्हणजे कुटुंबासारख्या वातावरणात काही मुलांना एकत्र वाढवण्याच्या पद्धतीत, एका घटकात आठपेक्षा जास्त मुले नसावीत, असा केंद्राच्या आदर्श व्यवस्थेतील दंडक आहे. या आठांत सांभाळणाऱ्याची स्वतःची मुलेही मोजली जातात. एखाद्या जोडप्याची स्वतःची दोन मुले असतील, तर बाहेरून जास्तीत जास्त सहा येऊ शकतात. तीन असतील, तर पाच.

हिशेब असा असण्याचे कारण व्यवहारातले आहे. सकाळी डबा करणारे हात, अभ्यासाला बसवणारा माणूस आणि रात्री दचकून उठलेल्या मुलाजवळ जाणारी व्यक्ती तीच असते. तिचा वेळ स्वतःच्या आणि सांभाळायला आलेल्या मुलांत वाटला जाणारच. शिवाय आठ ही कमाल संख्या आहे, तेवढी मुले मिळण्याचा हक्क नाही. दोन खोल्यांच्या घरात समिती त्याहून खूपच कमी मुलांना मान्यता देऊ शकते किंवा एकाही मुलाला देणार नाही.

गैरसमज ३ : मर्यादेमुळे सख्ख्या भावंडांची ताटातूट करावीच लागते.

वस्तुस्थिती : कायद्याचा कल उलट दिशेने आहे. भावंडांना एकाच कुटुंबात ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत, असे कलम ४४ सांगते. एकत्र ठेवणे मुलांच्या हिताचे नसेल, तेवढाच अपवाद आहे. आई-वडील गेलेल्या तीन भावंडांना एकमेकांचाच आधार उरलेला असतो. थोरली धाकट्याला कसे झोपवायचे ते जाणते, आणि नव्या घरात धाकटा काही दिवस तिच्याशीच बोलतो. त्यामुळे कुटुंब निवडताना ‘एक मूल घेणारे घर’ शोधण्यापेक्षा ‘तिघांना घेऊ शकणारे घर’ आधी शोधले जाते.

इतर देशांतही हेच सूत्र दिसते. इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालक कायद्यानुसार एका प्रतिपालक घरात नेहमीची मर्यादा तीन मुलांची आहे. मात्र सर्व मुले एकमेकांची भावंडे असतील, तर ती आड येत नाही. अमेरिकेत २०१८ च्या संघीय कायद्याने प्रतिपालक घरासाठी सहा मुलांची मर्यादा घातली. तिथेही भावंडे एकत्र राहावीत, अल्पवयीन आईला तिच्या बाळासह ठेवता यावे, आधीपासून जिव्हाळ्याचे नाते असलेल्या कुटुंबात मूल राहावे, किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला प्रशिक्षित कुटुंब मिळावे, यासाठी सवलत आहे. आकडे वेगवेगळे असले, तरी प्रत्येक ठिकाणी मुलाच्या गरजेसाठी मर्यादेला मुरड घातली जाते. कुटुंबाच्या सोयीसाठी तशी मुभा नाही.

गैरसमज ४ : आजी, मामा, काका यांनी नातवंडे-भाचरे सांभाळली, तरी हीच मर्यादा लागते.

वस्तुस्थिती : नात्यातल्या घरी मूल राहणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिला परवाना लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्या लेकाची चार मुले आजीकडे राहिली, तर ती आजी प्रतिपालक कुटुंब ठरत नाही आणि आठाचा हिशेबही तिला लागू होत नाही. कलम ४४ ची चौकट मुख्यतः नात्याबाहेरच्या कुटुंबासाठी आहे.

शासकीय मदत हवी असेल, तेव्हा मात्र अर्ज आणि समितीचा आदेश लागतो. याच ठिकाणी दोन योजनांची गल्लत होते.

गैरसमज ५ : बालसंगोपन योजनेचे पैसे मिळतात, म्हणजे ते घर प्रतिपालक कुटुंब झाले.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते. अनाथ मुले, आई किंवा वडील गमावलेली मुले, ज्यांचे पालक दुर्धर आजाराने ग्रासलेले किंवा तुरुंगात आहेत ती मुले अशांना तिचा आधार मिळतो. २०२३ पासून यात एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये दिले जातात. मूल विधवा आईजवळ, आजीजवळ किंवा अन्य नातलगाजवळ राहत असले, तरी लाभ मिळू शकतो. म्हणून योजनेचा लाभ घेणारी अनेक घरे ही मुलाची स्वतःची किंवा नात्यातलीच घरे असतात.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व या दोन्हींसाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. प्रायोजकत्वात मूल स्वतःच्या कुटुंबातच राहते आणि त्या कुटुंबाला पैशाचा हातभार मिळतो. त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपर्यंत, तर अन्यत्र ९६,००० रुपयांपर्यंत असावे, अशी अट आहे. नात्याबाहेरच्या घरात मूल ठेवणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. फुलसावंगीतील एखाद्या आजीला तीन नातवंडांचा लाभ मंजूर झाला, म्हणून तिने गावातील चौथे पोरके मूल त्याच आदेशावर ठेवून घेतले, तर ते नियमात बसत नाही.

गैरसमज ६ : जितकी मुले जास्त, तितके अनुदान जास्त, म्हणून घर चालवायला ही सोय बरी.

वस्तुस्थिती : अनुदान मुलामागे मिळते, हे खरे. पण ते मुलाच्या आहार, शिक्षण आणि आरोग्यासाठी असते. या तिन्हींची जबाबदारी कलम ४४ ने प्रतिपालक कुटुंबावर टाकली आहे. कुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न पुरेसे असणे ही निवडीची अटच असल्याने, अनुदानावर घर चालवण्याचा बेत पाहणीतच अडतो.

त्यापुढची पायरी तपासणीची आहे. प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी व्हावी, असे कायदा सांगतो. कुटुंब कमी पडत असल्याचे दिसले, तर मुलाला तेथून काढून दुसऱ्या कुटुंबात हलवले जाते. शेतातल्या कामाला हात हवेत म्हणून मोठी मुले मागणाऱ्या घरांना हाच नियम रोखतो. शाळेतील हजेरी, वजन, लसीकरण आणि मुलाशी एकट्याने झालेले बोलणे यांतून घरातली स्थिती बरीचशी कळते.

गैरसमज ७ : दत्तक आणि प्रतिपालकत्व यांचे संख्येचे नियम एकच आहेत.

वस्तुस्थिती : दत्तक घेतलेले मूल कायमचे त्या कुटुंबाचे होते. प्रतिपालकत्वात ते ठरलेल्या काळासाठी राहते आणि परिस्थिती सुधारली तर आपल्या घरी परतू शकते. आई-वडील असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसरीकडे ठेवले असेल, तर समितीची हरकत नसल्यास ते त्याला ठराविक काळाने भेटूही शकतात.

दत्तकाचे नियम वेगळे आहेत. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्याचा विचार सहसा विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना कुटुंब मिळणे अवघड जाते अशा मुलांसाठीच होतो. नात्यातील आणि सावत्र मुलांचे दत्तक याला अपवाद आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात तर मुलगा असताना दुसरा मुलगा आणि मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. यांतील कोणताही आकडा उचलून प्रतिपालकत्वाला लावणे चूक आहे. उलट, दत्तक देण्यास योग्य ठरलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात ठेवू नये, असे कलम ४४ स्पष्ट म्हणते. कारण त्याला कायमचे घर मिळण्याची शक्यता असते.

दोन्ही वाटा कधीकधी एकत्र येतात. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालक कुटुंबाला दोन वर्षांनंतर त्याच मुलाला दत्तक घेण्यासाठी पुढे येता येते. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. याच तत्त्वांनी ३५ ते ६० वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा विभक्त व्यक्तींनाही मुले सांभाळण्याची वाट मोकळी केली. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही.

गैरसमज ८ : मर्यादेपेक्षा जास्त मुले ठेवली, तर ती फार तर कागदोपत्री चूक ठरते.

वस्तुस्थिती : घर कोठे संपते आणि संस्था कोठे सुरू होते, हे ठरवणे हा मर्यादेचा मुख्य हेतू आहे. इंग्लंडमध्ये सवलत न घेता मर्यादा ओलांडली, तर ते घर कायद्याच्या नजरेत बालगृह मानले जाते आणि त्याला बालगृहाचे नियम लागतात. आपल्याकडे काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले पूर्णतः किंवा अंशतः ठेवण्यासाठी चालवली जाणारी प्रत्येक संस्था कलम ४१ नुसार नोंदणीकृत असावी लागते. नोंदणी नसेल, तर कलम ४२ मध्ये एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘आश्रम’, ‘सेवाघर’ किंवा अन्य कोणतेही नाव दिल्याने सुटका होत नाही.

बालगृह व्हायचे तर जागेचे मापही बदलते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत २५ मुलांच्या शयनगृहासाठी १,००० चौरस फूट, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट जागा धरली आहे. त्यावर कर्मचारी, स्वयंपाकघर, आजारी मुलांची खोली आणि नोंदवह्या हा सगळा डोलारा आलाच. आश्रमशाळा, वसतिगृहे आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे या आणखी वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांची मंजूर संख्या त्या त्या विभागाकडून ठरते.

गैरसमज ९ : सापडलेले मूल आधी घरी ठेवावे, कागदपत्रांचे पुढे पाहता येते.

वस्तुस्थिती : एकटे, हरवलेले किंवा टाकून दिलेले मूल आढळले, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याची माहिती देणे कलम ३२ नुसार बंधनकारक आहे. पोलीस, १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणालाही कळवता येते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अनाथ किंवा टाकून दिलेले मूल ठरलेली प्रक्रिया डावलून परस्पर दत्तक दिले-घेतले, तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कळवणाऱ्या व्यक्तीला ते मूल सांभाळण्याची इच्छा असेल, तर ती समितीपुढे मांडता येते आणि पाहणीनंतर तिचा विचार होऊ शकतो.

फुलसावंगीहून यवतमाळ लांब पडते, ही अडचण खरी आहे. पण सुरुवात गावातूनच करता येते. ग्राम बाल संरक्षण समिती सरपंचांच्या अध्यक्षतेखाली काम करते आणि अंगणवाडी सेविकेला गावातील कोणते मूल कोणाकडे राहते हे बहुधा ठाऊक असते. बालसंगोपनाच्या अर्जासाठी मुलाचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि पालक गेले असतील तर मृत्यूचा दाखला जवळ ठेवावा. नात्याबाहेरचे मूल सांभाळायचे असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी आधी बोलावे, बाल कल्याण समितीचा आदेश हाती येऊ द्यावा आणि त्यानंतरच मूल घरी आणावे. त्या आदेशात जितक्या मुलांची नावे असतील, तितकीच त्या घराची मर्यादा.