एक तार, दोन मोडेम

भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. पुढे ती सातारा-सांगलीकडील घरांत आली, तेव्हा जुन्या डायल-अप मोडेमचे करावे काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे पडला. अडीअडचणीस तो असू द्यावा, हा विचार काही गैर नव्हता. दोन्ही एकाच तारेवर सुखाने नांदत. कारण संभाषण व डायल-अप सुमारे ४ किलोहर्ट्झच्या आत राहतात, तर ब्रॉडबँड २५ च्या वर वाहतो. मध्ये स्प्लिटरची डबी मात्र हवी. वेगाचे विचारूच नये! जुन्याची कमाल ५६ किलोबिट. नव्याची, २००४ च्या सरकारी धोरणाप्रमाणे, किमान २५६. तथापि एक्स्चेंजातील ब्रॉडबँडचे यंत्र बिघडले, तरी परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र जुन्या वाटेने येऊ शके.

परंतु येथेच पुष्कळांची गल्लत होई. साताऱ्याकडे कोयनेच्या पाणलोटात पाऊस कोसळला, म्हणजे सांगलीत कृष्णा चढते. २००५ व २०१९ साली ती शहरात शिरली. अशा वेळी तार तुटली अथवा एक्स्चेंज बंद पडले, की दोन्ही मोडेम एकदमच मुके! शिवाय दोघांसही वीज घरचीच. नदीकाठच्या कुटुंबास दुसरी वाट हवी असेल, तर ती त्या तारेवरची नसावी.