युनिक्स सर्व्हरवरील दप्तर विंडोज संगणकावरून पाहण्याची रीति

आर्वी तालुक्यांतील एका जुन्या घराण्याच्या मोडी रुमालांच्या छायाप्रती वर्धा येथील आमच्या संग्रहांत आहेत. छायाप्रती घेतल्यावर मूळ रुमाल घराण्याकडे परत गेले. पुढें दोन पावसाळ्यांत वाड्याची मागील पडवी खचली आणि कागदांस वाळवी लागून ते नाहींसे झाले. आतां जें कांहीं उरलें आहे तें एका सर्व्हरवर. हा सर्व्हर लिनक्स या युनिक्सच्या धर्तीवरील प्रणालीवर चालतो, व त्यांतील कागद वाचणारे आमचे बहुतेक अभ्यासक विंडोजचे संगणक वापरतात. या दोन प्रणालींच्या चालीरीति भिन्न असल्यामुळें सदर रुमालांतील तेवीस कागदांच्या कालनिर्णयांत मोठा घोटाळा झाला. तो कसा झाला हें समजण्यास ही रीति मुळापासून माहीत असावी लागते, म्हणून प्रथम तीच सांगतों.

युनिक्स ही प्रणाली केन थॉम्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून सिद्ध केली. एकाच यंत्रावर अनेकांनीं काम करावयाचें ही तिची मूळ कल्पना. त्यामुळें प्रत्येक फाईलीस धनी कोण, ती कोणी वाचावी, कोणी लिहावी, हा विचार तिच्यांत आरंभापासून आहे. विंडोजचा पिंड एका माणसाच्या मेजावरील संगणकाचा. दोन विंडोज संगणक एकमेकांच्या फाईली मागतात ती भाषा एसएमबी या नांवाची असून तिचा उगम १९८३ च्या सुमारास आयबीएम कंपनींत झाला. युनिक्सला ही भाषा येत नव्हती. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानें १९९१ च्या अखेरीस ती तिला शिकविली. त्याच्यापाशीं त्या भाषेचें व्याकरण नव्हतें. दोन यंत्रांमधील तारेवरून जाणारे संदेश टिपून घेऊन, कोणत्या प्रश्नास कोणतें उत्तर येतें हें पाहत त्यानें तें बसविलें. अज्ञात लिपीचा शिलालेख वाचणारा याहून वेगळें काय करितो! या कृतीस सांबा हें नांव १९९४ त मिळालें: एस, एम व बी हीं तीन अक्षरें ज्यांत क्रमानें येतात असे शब्द कोशांतून यंत्राकरवीं शोधितां हा शब्द सांपडला. युरोपियन कमिशननें मायक्रोसॉफ्टविरुद्ध दिलेला निर्णय न्यायालयांत कायम झाल्यावर, डिसेंबर २००७ मध्यें या भाषेचे अधिकृत कागद सांबाच्या मंडळींस पाहावयास मिळाले.

प्रत्यक्ष रीति अशी. सर्व्हरवर सांबा चालू करून, जें दप्तर दाखवावयाचें त्या फोल्डरास एक सार्वजनिक नांव द्यावें. विंडोजच्या संगणकावर फाईल एक्सप्लोरर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचें नांव, पुन्हा एक तशीच रेघ व दप्तराचें नांव लिहावें. संगणक वापरणाऱ्याचें नांव व पासवर्ड विचारील. हा पासवर्ड सांबा आपल्या वेगळ्या वहींत ठेवितो. युनिक्सचा पासवर्ड बदलला म्हणजे सांबाचाहि बदललाच असें समजूं नये. तो बरोबर दिला कीं फाईली आपल्याच यंत्रावर असाव्यात तशा दिसूं लागतात. रोजचें काम असल्यास त्या जागेस एखादें ड्राइव्हचें अक्षर जोडून ठेवावें. एक अडचण मात्र पुष्कळांस छळते: विंडोज एका सर्व्हराशीं एका वेळीं एकाच नांवानें बोलतो. आधीं कोणी पाहुणा म्हणून शिरला असेल तर ती जोडणी तोडल्यावांचून दुसऱ्या नांवानें आंत जातां येत नाहीं.

एवढें करूनहि "परवानगी नाहीं" असें उत्तर आलें तर दोन पहारे आहेत हें ध्यानांत आणावें. पहिला सांबाचा, दुसरा खुद्द युनिक्सचा. युनिक्स प्रत्येक फाईलीवर धनी, गट व इतर अशा तिघांचे अधिकार वेगवेगळे लिहून ठेवितो. सांबानें लिहिण्याची मुभा दिली व युनिक्सनें नाकारली, तर नकारच खरा. मूळ छायाप्रतींचें फोल्डर अभ्यासकांस केवळ वाचण्यासाठीं असावें, लिप्यंतरांचें वेगळें असावें, हें आमचें मत पूर्वींहि होतें. तें अमलांत आणिलें नाहीं हा दोष माझा.

घरून किंवा परगांवाहून दप्तर पाहणाऱ्यांस ही वाट देऊं नये. मे १९१७ नव्हे, २०१७ मधील गोष्ट आहे, अजून शतक लोटलें नाहीं, तरी विसर पडलेला दिसतो म्हणून सांगतों: वॉनाक्राय नांवाचा उपद्रव एसएमबीच्या पहिल्या जुन्या आवृत्तींतील छिद्रांतून जगभर पसरला होता. ती आवृत्ति बंद ठेवावी, आणि एसएमबीचें ४४५ क्रमांकाचें द्वार इंटरनेटकडे उघडें ठेवूं नये. दुरून येणाऱ्यांसाठीं एसएसएच हा गुप्त मार्ग आहे. फिनलंडमधील टाटू युलोनेन यानें तो १९९५ त रचिला. त्यावरूनच फाईली नेण्याआणण्याच्या पद्धतीस एसएफटीपी म्हणतात, व विंडोजवर त्यासाठीं विनएससीपी हें विनामूल्य साधन सर्वश्रुत आहे. पहिल्या भेटींत सर्व्हर आपला ठसा दाखवितो. तो व्यवस्थापकाकडील ठशाशीं ताडून पाहावा. पत्रावरील शिक्का न पाहतां पत्र खरें मानणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाहीं.

आतां नांवांचा प्रश्न. युनिक्सवर फाईलीच्या नांवांत एका तिरप्या रेघेखेरीज जवळ जवळ कोणतेंहि चिन्ह चालतें. विंडोजवर नऊ चिन्हें वर्ज्य आहेत, व त्यांत प्रश्नचिन्ह आहे. कारण डॉसच्या काळापासून तेथें त्याचा अर्थ "कोणतेंहि एक अक्षर" असा होतो. मीं छायाप्रतींस नांवें देतांना, जेथें काल संदिग्ध तेथें सनापुढें प्रश्नचिन्ह घालीत गेलों. आपल्या सर्वांचीच ही संवय आहे. सर्व्हरवर तें बिनबोभाट चाललें. विंडोजवर मात्र अशा फाईलीचें खरें नांव दाखवितां येत नसल्यामुळें सांबा इंग्रजी अक्षरें, अंक व एक नागमोडी रेघ यांचें आखूड निरर्थक नांव तयार करून दाखवितो. अभ्यासकांची तक्रार आली, तेव्हां एका तरुण सहकाऱ्यानें सर्व्हरपाशीं बसून एकाच आज्ञेनें सगळीं प्रश्नचिन्हें काढून टाकिलीं. नांवें स्वच्छ दिसूं लागलीं. त्याच नांवांवरून पुढें सूची झाली, आणि तेवीस संदिग्ध सन निश्चित म्हणून सूचींत उतरले.

त्यांतील एक कागद वर्धा नदीपलीकडील गांवच्या वसुलाचा आहे. त्यावर नुसता "सन १२०४" असा अंक आहे. सुहूर कीं फसली, हें लिहिलेलें नाहीं. फसली धरल्यास तो इ. स. १७९४-९५ चा ठरतो, सुहूर धरल्यास १८०३-०४ चा. मध्यें नऊ वर्षांचें अंतर. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडला. कागद फसली सनाचा असेल तर तो नेहमींच्या वसुलाचा साधा पुरावा. सुहूर सनाचा असेल तर ऐन तहाच्या वर्षांत नदीपलीकडे भोसल्यांच्या बाजूचा माणूस वसूल घेत होता असें होतें. सूचींत "१८०३" एवढेंच छापलें, आणि एका अभ्यासकानें त्यावरून दुसरें अनुमान बांधलेंहि होतें. मूळ कागद पुन्हा पाहावा तर तो उरलेला नाहीं, आणि छायाप्रत जितकें सांगते तितकेंच सांगते.

रोज रात्रीं होणारी सर्व्हराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जुन्या नांवांसह राहिली होती, म्हणून तेवीसही नांवें परत मिळालीं. सांबामध्यें केटिया नांवाचा एक जोडभाग आहे, तो वर्ज्य चिन्हाच्या जागीं विंडोजला दुसरें चिन्ह दाखवितो, प्रश्नचिन्हाच्या जागीं उदाहरणार्थ स्पॅनिश पद्धतीचें उलटें प्रश्नचिन्ह, आणि डिस्कवरील नांव तसेंच राहूं देतो. हें आम्हांस मागाहून कळलें. परंतु तीच फाईल विनएससीपीनें उतरविली तर प्रश्नचिन्हाच्या जागीं टक्क्याचें चिन्ह व दोन अक्षरें येतात. एका कागदास तीन नांवें होण्यापेक्षां चिन्ह सोडून शब्द लिहावा हें बरें.

देवनागरींत नांवें देणारांस आणखी दोन खोड्या माहीत असाव्यात. पहिली ऱ या अक्षराची. तें एक स्वतंत्र अक्षर म्हणूनहि लिहितां येतें व र खालीं नुक्ता देऊनहि. डोळ्यांस दोन्ही एकच, सर्व्हरास दोन निराळीं. आमच्याकडे "वऱ्हाड" नांवाचीं दोन फोल्डरें शेजारीं शेजारीं नांदत होतीं, आणि निम्मे कागद एकांत, निम्मे दुसऱ्यांत होते. दुसरी खोडी लांबीची. बहुतेक युनिक्सवंशीय प्रणालींत नांवास २५५ बाइटांची मर्यादा असते व देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. मात्रा व अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणजे अवघीं ८५ चिन्हें. विंडोज याच २५५ ची मोजणी निराळ्या रीतीनें करितो, म्हणून तेथें चाललेलें लांब नांव सर्व्हर नाकारितो. यादी, ताकीद, पत्र, गांव, घराणें व सन हें सारें नांवांत कोंबणारांस ही मर्यादा लवकरच भेटते.

लिप्यंतराची जुनी फाईल जुन्या नोटपॅडमध्यें उघडली असतां सगळ्या ओळी एकींत एक मिसळलेल्या दिसत, त्याचें कारण इतकेंच कीं ओळ संपल्याची खूण युनिक्स एका चिन्हानें करितो व विंडोज दोन चिन्हांनीं. २०१८ पासून नोटपॅडला दोन्ही खुणा कळतात. मोडी वाचणारास शब्दहि न तोडलेला मजकूर नवा नाहीं, तरीपण.

सध्यां आमच्या सर्व्हरवर मूळ छायाप्रती केवळ वाचावयास मिळतात. नांवांत अंक, अक्षरें व आडवी रेघ यांखेरीज कांहीं घालावयाचें नाहीं असा नियम केला आहे, आणि कालनिर्णयाचीं कारणें प्रत्येक रुमालाबरोबरच्या निराळ्या टिपणांत लिहिलीं जातात. उपर्युक्त वसुलाच्या कागदाचें नांव आतां "आर्वी-वसूल-सन-१२०४-संदिग्ध" असें असून, सूचीच्या शुद्धिपत्रांत तो दोन्ही सनांखालीं दाखविला आहे.